जहाजाचं वय कसं मोजायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, भंडारा जिल्ह्यातल्या माणसानं समुद्रातल्या जहाजांवर बोलावं, याची काहींना गंमत वाटेल. आपल्याकडे पाण्याला तोटा नाही. वैनगंगा आहे, गावोगावी मालगुजारी तलाव आहेत, गोसीखुर्दचा अथांग जलाशय आहे. पण आपल्या पाण्यावर चालतो तो डोंगा. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. असं असूनही गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या निवृत्त मास्तरांच्या आणि पेन्शनरांच्या गप्पांत 'क्रूझ' हा शब्द ऐकू येऊ लागला आहे. पुण्याला नोकरी करणारा मुलगा फोनवर सांगतो, "बाबा, एकदा आईला घेऊन मुंबईहून गोव्याला जहाजानं जाऊन या." बाबा खूश होतात. आई जरा घाबरते. आणि मग कट्ट्यावरचा एखादा जाणकार हळूच पिल्लू सोडतो, "ते जहाज १९९० सालचं आहे म्हणे! तिकडच्यांनी वापरून टाकलेलं."

प्रश्न रास्त आहे. आयुष्यभराच्या बचतीतून काढलेले पैसे असतात आणि सोबत घरचं माणूस असतं. जुनं जहाज नव्याच्या तुलनेत किती टिकतं, कुठे कमी पडतं आणि कुठे पडत नाही, हे समजून घेतलं तर निर्णय भीतीवर किंवा जाहिरातीवर सोडावा लागत नाही.

आधी त्या १९९० सालच्या जहाजाची ओळख करून घेऊ. आज त्याचं नाव 'कॉर्डेलिया एम्प्रेस'. फ्रान्समधल्या सेंट नाझेर इथल्या गोदीत ते बांधलं गेलं. जन्मनाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. रॉयल कॅरिबियन या अमेरिकी कंपनीनं ते तीन-चार दिवसांच्या छोट्या सहलींसाठी उतरवलं. २००४ साली त्याचं नाव 'एम्प्रेस ऑफ द सीज' झालं. २००८ साली ते स्पेनच्या पुलमांतूर कंपनीकडे गेलं, २०१६ साली पुन्हा जुन्या मालकाकडे आलं. २०१७ मध्ये याच कंपनीनं क्यूबातल्या हवानाच्या फेऱ्यांसाठी आपल्या ताफ्यातून हे लहान जहाज निवडलं. २०२० च्या डिसेंबरात ते विकलं गेलं आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करू लागलं. लांबी सुमारे २११ मीटर, खोल्या सुमारे आठशे.

आता त्याच वर्षी जन्मलेली आणखी दोन जहाजं पाहा. एक 'क्राउन प्रिन्सेस'. ते इटलीत बांधलं गेलं आणि त्याच्या बाह्यरूपाची आखणी रेंझो पिआनो या नामवंत वास्तुरचनाकारानं केली होती. पुढे ऑस्ट्रेलियात 'पॅसिफिक ज्युवेल' या नावानं ते फिरलं आणि एप्रिल २०१९ मध्ये 'कर्णिका' हे नाव घेऊन आपल्या मुंबईत दाखल झालं. एम्प्रेसपेक्षा हे बरंच मोठं होतं. दुसरं 'कार्निव्हल फँटसी'. ते फिनलंडमध्ये बांधलं गेलं आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर तीस वर्षं चाललं.

तिन्ही एका वयाची. २०२० साली करोनाची साथ आली, सहली थांबल्या, कंपन्यांचं कंबरडं मोडलं. त्याच वर्षी 'कर्णिका' गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेलं. 'फँटसी' तुर्कस्तानातल्या अलियागा इथे गेलं. तिसरं मात्र रंगरंगोटी करून प्रवासी घेऊ लागलं. या दोघांना मोडीत काढलं ते त्यांचा तळ गळू लागला म्हणून नव्हे, तर त्यांना पोसणारा हिशेब बसेना म्हणून. म्हणजे नुसतं जन्मसाल पाहून जहाजाचं भविष्य सांगता येत नाही, ही पहिली गोष्ट इथे कळते.

आपलं भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव. इथल्या माणसाला ही गोष्ट सांगायला फार शब्द लागत नाहीत. आजीच्या आंदणातला पितळेचा गंज घरात असतो. त्याचं वय कुणी विचारत नाही. कल्हई उडाली की कल्हईवाल्याकडे द्यायचा. तो भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथील फिरवतो आणि गंज पुन्हा चकचकीत होऊन चुलीवर चढतो. अशा कल्हया होत होत एकच भांडं तीन पिढ्यांचा स्वयंपाक करतं. पण बुडाला चीर गेली, किंवा घासून घासून पत्रा पातळ झाला, तर कितीही कल्हई करा, उपयोग नाही. मग ते मोडीत घालायचं. जहाजाचंही असंच. काही गोष्टी कल्हईनं भागतात, काहींना कल्हई चालत नाही. त्या दोन्ही वेगळ्या ओळखल्या की अर्धं उत्तर हाती येतं.

जहाजाची कल्हई सुक्या गोदीत होते. जहाज आत घेऊन पाणी काढून टाकतात आणि तळ उघडा पडतो. शेवाळ नि शिंपले खरवडतात, नवा रंग देतात, पंखे आणि सुकाणू तपासतात. पोलादाची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्रानं जागोजागी मोजतात. जिथे गंजानं पत्रा ठरलेल्या मर्यादेपेक्षा पातळ झाला असेल, तिथे तो कापून नवा बसवतात. प्रवासी जहाजाला सुरक्षेचं प्रमाणपत्र दर वर्षी नव्यानं मिळवावं लागतं, आणि पाच वर्षांत किमान दोनदा तळ सुक्या गोदीत दाखवावा लागतो. हे प्रमाणपत्र नसेल तर बंदरातून बाहेर पडता येत नाही. त्यामुळे नीट राखलेलं पस्तीस वर्षांचं पोलाद भरवशाचं असू शकतं. खोल्यांतल्या गाद्या, गालिचे, दिवे, भोजनगृहं ही तर दर काही वर्षांनी बदलायचीच असतात.

पण आतली यंत्रणा जुनी होत जाते आणि ती बदलायला वेळ नि पैसा दोन्ही लागतात. याच एम्प्रेसचं उदाहरण घ्या. २०१६ साली ते अमेरिकेत परतलं, तेव्हा तिथल्या कडक आरोग्य नियमांत बसण्यासाठी स्वयंपाकघराचं मोठं काम काढावं लागलं. त्यासाठी ठरलेल्या काही फेऱ्या रद्द झाल्या आणि लोकांचे बेत मोडले. जुन्या जहाजाच्या प्रवाशाला ही जोखीम थोडी जास्त असते. वातानुकूलन बंद पडणं, लिफ्ट अडणं, न्हाणीघरातला नळ कुरकुरणं, असली दुखणी वयाबरोबर वाढतात.

आता कल्हईनं न भागणाऱ्या गोष्टी पाहू. पहिली गोष्ट जागा. जहाजाचा आकार 'ग्रॉस टनेज'मध्ये सांगतात. हे वजन नाही, आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. एम्प्रेसचं हे माप ४८,५६३ आहे. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीला निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'चं माप २,४८,६६३, म्हणजे पाचपटीहून जास्त. त्याची लांबी ३६५ मीटर, मजले वीस, आणि पूर्ण भरलं तर प्रवासी ७,६००. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाची सगळी वस्ती एका जहाजात मावेल. आता एका खोलीत दोघं असा हिशेब धरला, तर एम्प्रेसवर प्रवासी सुमारे १,६०० आणि आयकॉनवर ५,६१०. भागाकार केला की एम्प्रेसवर माणशी सुमारे ३० आणि आयकॉनवर सुमारे ४४ येतात. म्हणजे प्रचंड गर्दी असूनही नव्या जहाजात माणसाच्या वाट्याला जागा जास्त येते. अर्थात त्यातली बरीच जागा पाण्याच्या घसरगुंड्या, बागा आणि नाट्यगृहं यांनी घेतलेली असते, हेही खरं.

दुसरी गोष्ट खोलीची. १९९० च्या सुमारास समज असा होता की प्रवासी खोलीत फक्त झोपायला येणार. म्हणून खोल्या जेमतेम, साधारण दहा बाय बाराच्या आणि न्हाणीघर त्यातच. बाल्कनी असलेल्या खोल्या मोजक्याच. नव्या जहाजांत निम्म्याहून अधिक खोल्यांना स्वतःची बाल्कनी असते. जहाजाच्या सांगाड्यातच हे ठरून गेलेलं असतं. कितीही गालिचे बदला, भिंत फोडून आठशे बाल्कन्या काढता येत नाहीत.

तिसरी गोष्ट इंधन. १ जानेवारी २०२० पासून जगभरच्या जहाजांच्या इंधनात गंधकाचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणण्याचा नियम लागू झाला. जुन्या जहाजांना महाग, स्वच्छ तेल घ्यावं लागतं किंवा धूर धुणारी यंत्रणा बसवावी लागते. नव्या जहाजांची बांधणीच इंधन वाचवणारी असते. आयकॉनसारखी काही जहाजं द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात. जुनं जहाज स्वस्तात विकत मिळतं, पण रोजचा खर्च जास्त. मालकाचं गणित बिघडतं ते इथेच, आणि जहाज अलंगच्या दिशेनं सरकतं तेही इथूनच.

चौथी गोष्ट सुरक्षेची, आणि घरच्या आईला पडलेला प्रश्न हाच. समुद्रावरचे नियम दुर्घटनांतून शिकत शिकत तयार झाले. १९१२ साली टायटॅनिक बुडालं, त्यानंतर १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. एप्रिल १९९० मध्ये 'स्कँडिनेव्हियन स्टार' या जहाजाला आग लागून दीडशेहून अधिक माणसं गेली. मग आगीबाबतचे नियम कडक झाले आणि ते आधीच पाण्यात असलेल्या जहाजांनाही लागू केले गेले. ऑक्टोबर २०१० पासून तर सजावटीत सहज पेटणारं लाकूड वापरलेल्या फार जुन्या जहाजांची आंतरराष्ट्रीय सफर बंद झाली. अनेक देखणी जुनी जहाजं तेव्हा निवृत्त झाली.

मात्र एक मोठा नियम जुन्या जहाजांना लागू नाही. १ जुलै २०१० नंतर बांधणी सुरू झालेल्या मोठ्या प्रवासी जहाजांत महत्त्वाची यंत्रणा दुहेरी ठेवावी लागते. एका भागात आग लागली किंवा पाणी शिरलं, तरी उरलेल्या भागाच्या जोरावर जहाजानं स्वतःहून बंदर गाठलं पाहिजे, अशी ही अट आहे. तिचं मोल २०१३ च्या फेब्रुवारीत दिसलं. १९९९ सालच्या 'कार्निव्हल ट्रायम्फ'च्या इंजिनघरात आग लागली. कुणाचा जीव गेला नाही, पण वीज गेली, संडास तुंबले आणि चार हजारांवर माणसं काही दिवस मेक्सिकोच्या आखातात अडकून पडली. या बाबतीत नवं जहाज सरस आहे, हे मान्य करायलाच हवं.

पण श्रोतेहो, याची दुसरी बाजूही ऐका. टायटॅनिक बुडालं तेव्हा त्याची पहिलीच सफर चालू होती. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आदळलं आणि ३२ जण गेले, तेव्हा ते जहाज जेमतेम सहा वर्षांचं होतं. कप्तानानं ते मुद्दाम किनाऱ्याच्या फार जवळ नेलं होतं. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेजवळ वादळात 'व्हायकिंग स्काय'ची इंजिनं बंद पडली, शेकडो प्रवाशांना हेलिकॉप्टरनं उचलावं लागलं. ते जहाज दोन वर्षांचं होतं आणि कारण निघालं ते वंगणतेलाची पातळी कमी असल्याचं. आणि आपली महाराष्ट्राची जखम तर सर्वांना ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. १९३६ साली बांधलेली ती बोट तेव्हा अकरा वर्षांची होती. या चारही ठिकाणी जहाजाचं वय आड आलं नाही. वेग, बेफिकिरी, देखभालीतली कसूर किंवा खवळलेला समुद्र आड आला.

इथे मला हजच्या जहाजांची आठवण येते. १९९५ पर्यंत हाजी लोक मुंबईहून जेद्दाला जहाजानं जात. मुघल लाइन या कंपनीची जहाजं त्यासाठी प्रसिद्ध होती. आपल्या भागातले लोक रेल्वेनं मुंबई गाठत, मुसाफिरखान्यात थांबत आणि मग कित्येक दिवस समुद्रावर. आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग हाजीसाहेब त्या प्रवासाच्या गोष्टी रंगवून सांगत. पण जहाज किती सालचं, हे त्यांच्या बोलण्यात कधी आलं नाही. गोडं पाणी पुरलं का, दवाखान्यात डॉक्टर होता का, खलाशी म्हाताऱ्यांना हात देत का, हे मात्र नीट आठवायचं. कोकणातल्या कितीतरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या असे खलाशी समुद्राला दिले. आजही देशोदेशींच्या आलिशान जहाजांवर गोव्याची, कोकणाची पोरं स्वयंपाकघरापासून इंजिनघरापर्यंत राबतात. जहाज नवं असो की जुनं, संकटात दार उघडायला हीच माणसं येतात. त्यांना शिकवण किती मिळते, झोप किती मिळते, यावर प्रवाशाचा जीव अवलंबून असतो.

जुन्याच्या बाजूनंही दोन शब्द बोलले पाहिजेत. लहान जहाज जिथे जातं तिथे महाकाय जहाज जाऊ शकत नाही. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जहाज दूर नांगरून लहान होड्यांनी प्रवासी किनाऱ्यावर न्यावे लागतात. दीड-दोन हजार माणसांची ने-आण करणंच जिथे कठीण, तिथे सात हजार माणसं उतरवायची कशी? शिवाय एम्प्रेसची मूळ आखणीच तीन-चार दिवसांच्या सहलीची. मुंबई-गोवा हा प्रवास त्याच्या प्रकृतीला मानवणारा आहे. लांबलचक जहाज लाटेवर कमी हलतं हे खरं. पण लोळण कमी करणारे पाण्याखालचे पंख दोन्हींना असतात, आणि पावसाळा सोडला तर अरबी समुद्र बहुतेक वेळा शांत असतो. पश्चिम किनाऱ्यावर पावसाचे दिवस आले, तेव्हा जून २०२२ मध्ये हे जहाज चेन्नईहून फेऱ्या करू लागलं होतं. आणि वीस मजल्यांच्या तरंगत्या शहरात कधी कधी समुद्र शोधावा लागतो. लहान जहाजात चार पावलं टाकली की तो समोर असतो.

आपल्या देशात 'नवं' म्हणजे काय, हेही पाहण्यासारखं आहे. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेलं 'आंग्रिया' जपानमधून आणलेलं जुनंच जहाज होतं. २०२५ साली कॉर्डेलियानं आणखी दोन जहाजं भाड्यानं घेण्याचं जाहीर केलं, एक २०२६ साठी, दुसरं २०२७ साठी. ती आहेत 'नॉर्वेजियन स्काय' आणि 'नॉर्वेजियन सन', म्हणजे १९९९ आणि २००१ सालची. एम्प्रेसपेक्षा मोठी, पण पंचविशी गाठलेली. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईत बॅलार्ड पिअरला नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. धक्का नवा, जहाजं जुनी, असं हे चित्र आहे. यात कमीपणा मानण्याचं कारण नाही. नवं मोठं जहाज हजारो कोटींचं असतं. तो पैसा वसूल करायचा तर तिकीट आपल्या पेन्शनीत बसणार नाही. जुन्या जहाजामुळेच समुद्र सामान्य माणसाच्या खिशात आला आहे.

मग जायचं असेल त्यानं काय विचारावं? जहाजाचं साल विचाराच, पण तिथेच थांबू नका. शेवटची सुकी गोदी कधी झाली, हे विचारा. फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतील का, हे कागदावर बघून घ्या. जाहिरातीतल्या भाड्यावर कर आणि बंदराचे आकार किती चढतात, ते जोडूनच हिशेब करा. मळमळीचा त्रास असेल तर जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागा, कारण तिथे हेलकावे कमी बसतात. गुडघे दुखत असतील तर खोली लिफ्टपासून किती लांब आहे, ते पाहा. आणि जहाज निघण्याआधी सुरक्षेची कवायत होते, ती टाळू नका. संकटात कुठे जमायचं, जीवरक्षक जाकीट कुठे आहे, हे पायांना ठाऊक असलं पाहिजे. कॉनकॉर्डियावर काही प्रवाशांची ती कवायत अजून व्हायचीच होती.

ज्यांना घसरगुंड्या, बाल्कनी आणि झगमगाट हवा, त्यांचं जुन्या जहाजावर समाधान होणार नाही. पैसे साठवावेत आणि नव्यावर जावं. ज्यांना दोन रात्री समुद्रावर काढायच्या आहेत, चारी बाजूंनी पाणी कसं दिसतं ते एकदा डोळ्यांनी पाहायचं आहे, त्यांना नीट राखलेलं जुनं जहाज पुरेसं आहे. अट 'नीट राखलेलं' या दोन शब्दांची. कल्हई वेळेवर होत असेल तर भांड्याचं वय विचारू नये. कल्हई कुणी केली आणि कधी केली, हे मात्र जरूर विचारावं.